स्वमग्न बालकांची क्रमप्रियता

स्वमग्नता (ऑटिझम) ह्या विकासविषयक अवस्थेतील बालकांमध्ये दिनक्रम, परिसर, वस्तूंची मांडणी आणि स्वतःच्या हालचाली यांत एकसारखेपणा राखण्याची जी प्रबळ प्रवृत्ती आढळते, तिला क्रमप्रियता असे म्हणता येईल. रोज एकाच वाटेने शाळेस जाण्याचा आग्रह, ताटातील भाजी भातास लागू न देणे, खेळण्यातील मोटारी न चालविता त्यांची ओळ लावणे, हात फडफडविणे, स्वतःभोवती गिरक्या घेणे, एकच प्रश्न ठराविक उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहणे ही तिची परिचित रूपे होत. या क्रमात खंड पडला, तर बालकास तीव्र अस्वस्थता येते व ती रडणे, किंचाळणे, डोके आपटणे किंवा पूर्णपणे गप्प होणे अशा रीतींनी प्रकट होते. घरातील वडीलधाऱ्यांना हा हट्ट वाटतो; वस्तुतः बहुतेक वेळा ती भीती असते.

ऐतिहासिक माहिती : ‘ऑटिझम’ ही संज्ञा स्विस मनोविकारतज्ञ ऑयगेन ब्लॉइलर (१८५७–१९३९) याने छिन्नमानसाच्या एका लक्षणासाठी योजिली होती. बालकांच्या स्वतंत्र अवस्थेसाठी ती रूढ झाली ती लिओ कॅनर (१८९४–१९८१) या अमेरिकेतील बालमनोविकारतज्ञाच्या १९४३ मधील निबंधामुळे. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पाहिलेल्या ११ बालकांचे (८ मुलगे व ३ मुली) वर्णन करताना त्याने दोन गोष्टी मूलभूत मानल्या : एक म्हणजे माणसांपासून अलिप्तता आणि दुसरी म्हणजे सभोवतालची स्थिती बदलू नये यासाठीची चिंतायुक्त धडपड. ह्या दुसऱ्या लक्षणाचे त्याने दिलेले एक उदाहरण आजही बोलके आहे. घर बदलण्याच्या दिवशी सतरंजी गुंडाळली जाताना पाहून एक मुलगा भयाने कासावीस झाला. नव्या घरात सर्व सामान पूर्वीच्याच पद्धतीने मांडलेले दिसले, तेव्हा कोठे तो शांत झाला. त्याचे घरावर प्रेम होते की नाही, हे सांगता येत नाही. पण घराच्या मांडणीवर मात्र त्याची सारी भिस्त होती.

कॅनरच्या निबंधातील पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिपलेट (१९३३–२०२३) हा होय. त्याच्या वडिलांनी डॉक्टरांस ३३ पानांचे पत्र लिहून मुलाच्या वागण्याचे बारकावे कळविले होते. दुपारच्या झोपेनंतर खाली उतरायचे असले, म्हणजे आईने कोणते वाक्य म्हणावे व त्यानंतर पुन्हा काय म्हणावे, हे डॉनल्डने ठरवून दिलेले असे. हा संवाद ठराविक शब्दांत पुरा झाल्यावाचून तो उतरत नसे.

ऑस्ट्रियातील हान्स आस्पेर्गेर (१९०६–८०) याने १९४४ मध्ये आणि त्याच्याही आधी रशियातील ग्रून्या सुखारेव्हा (१८९१–१९८१) हिने अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली होती. १९५० ते १९७० या काळात मात्र एका चुकीच्या उपपत्तीचा पगडा बसला. आईच्या भावनाशून्य वागणुकीमुळे मूल स्वमग्न होते, हे मत ब्रूनो बेटलहाइमसारख्या लेखकांनी लोकप्रिय केले व असंख्य मातांच्या माथी विनाकारण दोष आला. बर्नार्ड रिमलंडच्या १९६४ मधील ग्रंथाने ह्या मतास आव्हान दिले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनी २१ जुळ्यांच्या जोड्यांचा अभ्यास केला. त्यात एकबीज जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली, तर द्विबीज जुळ्यांच्या १० जोड्यांत एकही तशी जोडी आढळली नाही. आनुवंशिकतेचा मोठा वाटा यावरून स्पष्ट झाला. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून आजही आईलाच बोल लावला जातो, म्हणून या इतिहासाचा मुद्दाम उल्लेख केला आहे.

लॉर्ना विंग व जुडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये लंडनच्या कँबरवेल भागातील बालकांच्या पाहणीवरून सामाजिक आंतरक्रिया, संप्रेषण व कल्पनाशक्ती अशा तीन क्षेत्रांतील उणिवांची सांगड दाखविली. तिसऱ्या उणिवेच्या जोडीला साचेबंद व पुनरावर्ती वर्तन आढळते, असेही त्यांनी नोंदविले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) पुनरावर्ती वर्तन हा निदानाचा स्वतंत्र स्तंभ ठरला. साचेबंद हालचाली वा उच्चार, एकसारखेपणाचा आग्रह, अतिशय मर्यादित पण उत्कट आवडी आणि संवेदनांविषयीची अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया या चार गटांपैकी निदान दोन तरी असावे लागतात. संवेदनांचा समावेश या आवृत्तीत प्रथमच झाला, आणि क्रमप्रियतेचा उलगडा करण्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

क्रमातून स्वास्थ्य का लाभते : पुनरावृत्ती ही मुळात विकृती नव्हे. झां प्याजे (१८९६–१९८०) याने तान्ह्या मुलांच्या ज्या ‘वर्तुळ प्रतिक्रिया’ वर्णिल्या आहेत, त्यांत खुळखुळा पुन्हापुन्हा हलविणे, वस्तू खाली टाकीत राहणे अशीच कृत्ये येतात. त्यांतूनच कृती व परिणाम यांचा संबंध मुलास उमगतो. दोन ते चार वर्षांच्या बहुतेक मुलांना झोपण्यापूर्वी तीच गोष्ट, त्याच शब्दांत हवी असते. आजीने एखादा शब्द बदलला, की नातवंड लगेच चूक दाखविते. सर्वसाधारण मुलांत ही अवस्था ओसरते, कारण लोकांच्या मुद्रा, बोलण्याचा सूर, प्रसंगाचा रागरंग यांवरून पुढे काय होणार याचा अदमास त्यांना घेता येऊ लागतो. स्वमग्न बालकास हा अदमास सहजी लागत नाही. म्हणून ज्या काठीचा आधार इतर मुले लवकर सोडून देतात, तो त्याला धरून ठेवावा लागतो.

अलीकडील संशोधनात यासच ‘भाकीत’ उपपत्तीचे रूप आले आहे. मेंदू केवळ संवेदना ग्रहण करीत नाही. पूर्वानुभवाच्या आधारे तो पुढील क्षणाविषयी सतत अपेक्षा बांधीत असतो व प्रत्यक्षात आलेला चेतक अपेक्षेशी जुळला, तर त्याची फारशी दखल घेत नाही. पंख्याची घरघर काही वेळाने ऐकू येईनाशी होते, ती यामुळेच. एलिझाबेथ पेलिकानो व डेव्हिड बर यांनी २०१२ मध्ये असे सुचविले, की स्वमग्न व्यक्तींत पूर्वानुभवाचा हा प्रभाव दुबळा असल्याने जग त्यांना जसेच्या तसे, अति प्रखरपणे प्रतीत होते. मॅसॅचूसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील पवन सिन्हा व त्यांचे सहकारी यांनी २०१४ मध्ये स्वमग्नता हा मूलतः भाकीत करण्यातील दोष आहे, अशी मांडणी केली. प्रत्येक क्षण ज्यास अनपेक्षित, त्याला ठरलेली वाट, ठरलेले ताट व ठरलेले उत्तर यांत विसावा मिळावा, हे ओघानेच येते. या उपपत्तीच्या पुष्टीसाठी झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष सर्वत्र सारखे नाहीत. स्वमग्नतेच्या सर्व छटा एकाच सूत्रात बसतील, असे मानणे धाडसाचे ठरेल. तरीही पालकांस मुलाचे वागणे समजावून देताना इतकी उपयुक्त दुसरी उपपत्ती नाही.

ज्ञानेंद्रियांची तीव्रता हे दुसरे कारण. पिठाच्या गिरणीचा आवाज, कुकरची शिट्टी, नव्या कापडाची खळ, फोडणीचा ठसका यांपैकी एखादी गोष्ट अशा मुलास शारीरिक वेदनेइतकी असह्य होऊ शकते. जी संवेदना टाळता येत नाही, ती निदान केव्हा येणार हे ठाऊक असले, तर सोसता येते. शिट्टी रोज भाताच्या वेळीच होते हे कळलेला मुलगा त्या वेळी कानांवर हात ठेवून उभा राहतो; अवेळी झालेली शिट्टी मात्र त्याला कोसळविते. झुलणे, गिरकी घेणे, हात फडफडविणे या हालचालींचे कार्य थोडे निराळे असते. त्यांतून मूल स्वतःच ठरविलेल्या तालाची, स्वतःच्या ताब्यातील संवेदना निर्माण करते आणि बाहेरचा कोलाहल तिच्याआड लोटते. अतिशय आनंदातही हीच हालचाल होते, हे लक्षात ठेवणे जरूर आहे. फडफडणारा प्रत्येक हात दुःखाचा नसतो.

ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा उच्चारण्याकडे पूर्वी निरर्थक बडबड म्हणून पाहिले जाई. पुष्कळदा ते संप्रेषणच असते. ‘पाणी हवे का?’ असे आईचेच वाक्य म्हणणाऱ्या मुलास पाणी हवे असते. त्याने वाक्याचे घटक सुटे केलेले नसतात, इतकेच.

परिसर आणि क्रम : बालकाचा क्रम कोणत्या गोष्टींचा बनतो, हे त्याच्या गावावर व घरावर अवलंबून असते. स्वमग्नतेवरील बहुतेक लेखन शहरी, पाश्चात्त्य घरांवर आधारलेले असल्याने त्यातील उदाहरणे आपल्याकडे उपरी वाटतात. म्हणून येथे सांगली जिल्ह्याच्या पश्चिम भागातील शिराळा (बत्तीस शिराळा) हे मोरणा नदीकाठचे गाव उदाहरणादाखल घेतले आहे. वारणेच्या खोऱ्यातील अशा गावात दिवसाला एक घट्ट वीण असते. पहाटे व सायंकाळी दूध संकलनाची वेळ, एस.टी.च्या ठराविक फेऱ्या, शाळेची घंटा, समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी येथील मारुतीचा शनिवार, आठवड्याचा बाजार, कार्तिकाच्या सुमारास सुरू होणारी ऊसतोड ही सारी स्वमग्न मुलाला धरता येण्याजोगी खुणेची ठिकाणे आहेत. एस.टी.च्या पाट्या आणि वेळा तोंडपाठ असलेला, पण ‘तुझे नाव काय?’ याचे उत्तर न देणारा मुलगा अशा गावात आढळणे मुळीच नवलाचे नाही. ह्या दृष्टीने खेड्यातील जीवन शहरापेक्षा त्याला अधिक अनुकूल असते. शेजारी बदलत नाहीत, वाटा बदलत नाहीत आणि दुकानदार त्याच्या सवयी ओळखून असतो.

पण हीच वीण वर्षातून काही वेळा एकदम उसवते. पश्चिमेकडे चांदोलीच्या बाजूस पावसाचा जोर झाला, की शाळा अचानक बंद राहते, फेऱ्या रद्द होतात, वीज जाते. श्रावण शुद्ध पंचमीस तर साऱ्या गावाचे रूप पालटते. शिराळ्याची नागपंचमी महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यानंतरचे मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे जिवंत नागांच्या मिरवणुकांवर व खेळांवर निर्बंध आले. तथापि अंबामातेच्या मंदिराकडे जाणारी मिरवणूक, वाद्यांचा दणदणाट व बाहेरगावच्या लोकांची गर्दी यांमुळे त्या दिवसाचा कल्लोळ आजही मोठाच असतो. स्वमग्न मुलाच्या बाजूने पाहता त्या दिवशी नेहमीची वाट माणसांनी भरलेली असते, घरात अनोळखी पाहुणे आलेले असतात, चुलीवर तवा चढत नाही व भाकरीऐवजी ताटात उकडीची पुरणाची दिंडे येतात, आणि ध्वनी कोणत्या क्षणी वाढेल याचा नेम नसतो. म्हणजे वाट, माणसे, अन्न व आवाज हे क्रमाचे चारही खांब एकाच दिवशी ढळतात. अशा वेळी मूल जमिनीवर लोळण घेऊन किंचाळू लागले, तर त्यास ‘झाड’ धरले, नागाचा कोप झाला असे म्हणून देवऋषीकडे नेण्याची प्रथा पुष्कळ ठिकाणी होती व ती पूर्णतः गेली आहे, असे नाही.

याची दुसरी बाजूही आहे. सण दरवर्षी येतो, त्याचा विधी ठरलेला असतो, त्याची गाणी, फेर व नैवेद्य बदलत नाहीत. म्हणजे सण हाही एक क्रमच असून केवळ त्याचे आवर्तन मोठे असते. मुलास ते आवर्तन दिसत नाही, एवढीच अडचण. दिनदर्शिकेवर त्या तारखेस नागाचे चित्र चिकटवून रोज एकेक दिवस खोडीत जाणे, आदल्या दिवशी रिकाम्या रस्त्याने मंदिरापर्यंत नेऊन आणणे, मिरवणूक घराच्या गच्चीवरून दाखविणे, कानांस जाड कापड बांधणे आणि नेहमीची भाकरी आदल्या रात्रीच करून बाजूस ठेवणे या साध्या उपायांनी सण सुसह्य होतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच मुलगा सण केव्हा येणार, हे इतरांस सांगू लागतो. शिराळ्याच्या परिसरात सापांविषयीचे बोलणे लहानपणापासून कानांवर पडत असल्याने एखाद्याची उत्कट आवड नाग, धामण, घोणस, मण्यार, फुरसे यांच्या वर्गवारीकडे वळणेही स्वाभाविक आहे. अशा आवडीस वेड म्हणून दडपण्याऐवजी वाचन, मोजणी व संभाषण यांचा धागा तीतूनच ओवता येतो. सर्पांच्या चित्रांवरून अक्षरओळख झाली, तर ती अक्षरओळखच होय. मात्र चित्रातील साप व अंगणातील साप यांतील फरक अशा मुलास वेगळा, पुन्हापुन्हा आणि एकाच ठराविक वाक्यात शिकवावा लागतो. ‘साप दिसला की मागे सर व हाक मार’ हा नियम त्याच्या क्रमात बसला, म्हणजे तो इतर मुलांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळतो.

मंत्रचळाशी तुलना : वरवर पाहता क्रमप्रियता मंत्रचळासारखी (अनिवार्य विचार व कृती यांच्या विकारासारखी) भासते. मंत्रचळाने ग्रस्त व्यक्तीस आपली कृती निरर्थक आहे हे बहुधा कळत असते व ती नकोशीही वाटते. वारंवार हात धुताना तिला सुख नसते. स्वमग्न बालकास मात्र मोटारींची ओळ पुरी झाल्यावर समाधान लाभते. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत असू शकतात, त्यामुळे निदान तज्ञाकडूनच होणे इष्ट. औषधांनी क्रमप्रियता जाईल, ही आशाही फलद्रूप झालेली नाही. मंत्रचळावर गुणकारी ठरलेल्या औषधांच्या वर्गातील सिटॅलोप्रॅम हे औषध १४९ स्वमग्न बालकांवरील अमेरिकेतील चाचणीत (२००९) पुनरावर्ती वर्तनाच्या बाबतीत निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरले नाही. रिस्पेरिडोनसारखी औषधे चिडखोरपणा व आक्रमकता यांसाठी दिली जातात, क्रमाच्या आग्रहासाठी नव्हे.

शिक्षण व संगोपन : १९६० नंतरच्या काळात वर्तनोपचाराच्या काही शाखांनी हात फडफडविणे, झुलणे वगैरे कृती शिक्षेच्या भयाने बंद पाडण्याचा मार्ग अवलंबिला होता. बाह्यतः मूल ‘सुधारले’ असे दिसे. पुढे प्रौढपणी ज्यांनी आपले अनुभव लिहिले, त्यांनी त्या काळातील आतल्या घुसमटीचे वर्णन केले आहे. शिक्षेच्या मार्गाचा त्याग आता सर्वमान्य आहे. स्वतःस वा इतरांस इजा करणारी कृती थांबविणे भागच असते. पण निरुपद्रवी हालचाल केवळ चारचौघांत बरी दिसत नाही म्हणून बंद करण्याचे काही प्रयोजन नाही.

याच्या उलट दिशेने गेलेली पद्धत एरिक शॉप्लर (१९२७–२००६) व त्याचे सहकारी यांनी नॉर्थ कॅरोलायना राज्यात विकसित केली. १९७२ पासून ती तेथे राज्यव्यापी कार्यक्रम म्हणून राबविली गेली. बालकाच्या क्रमप्रियतेशी झगडण्याऐवजी तिलाच शिक्षणाचे साधन करावे, हे तिचे सूत्र होय. कोणते काम, किती वेळ, कोठे व त्यानंतर काय, ही चार उत्तरे चित्रांच्या पट्टीवर डोळ्यांपुढे ठेवली जातात. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र मात्र जाग्यावर राहते. ह्या साधनास महागडी सामग्री लागत नाही. जुन्या वह्यांचे पुठ्ठे, सुतळी, कपड्यांचे चिमटे व हाताने काढलेली चित्रे एवढ्यावर कोणतीही अंगणवाडी ते करू शकते. पट्टीवर ‘बदल’ या अर्थाचेही एक चित्र असावे, ही सूचना विशेष मोलाची आहे. प्रथम ते आवडत्या बदलासाठी (उदा., भाताऐवजी शिरा) वापरावे व मग हळूहळू इतर बदलांसाठी. बदल हाही जेव्हा क्रमातील एक ओळखीचे चित्र बनतो, तेव्हा मुलाची सहनशक्ती वाढते. क्रम एकाएकी मोडून ‘सवय लावण्याचा’ घरगुती उपाय मात्र जवळजवळ नेहमीच उलटतो. मूल उरलेला क्रम अधिकच घट्ट धरते.

महाराष्ट्रातील सोयी : मुंबईत २००१ मध्ये सुरू झालेले ‘उम्मीद’ बालविकास केंद्र व पुण्यातील प्रसन्न ऑटिझम सेंटर ही स्वमग्न बालकांसाठी कार्य करणारी परिचित केंद्रे आहेत. ती मोठ्या शहरांत असल्याने डोंगरी तालुक्यातील पालकांस प्रवास करावा लागतो, आणि हा प्रवासच मुलाच्या क्रमावरील मोठा आघात असतो. अपरिचित इमारतीत घाबरलेल्या मुलाची तपासणी त्याच्या खऱ्या क्षमतेपेक्षा कमी निष्कर्ष देण्याचा संभव असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ मध्ये पालघर येथे झाला. त्याखाली अंगणवाड्या व शाळांतील मुलांची तपासणी होऊन विकासातील विलंब आढळलेल्यांस जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविण्याची योजना आहे.

कायद्याच्या दृष्टीने १९९५ च्या अपंगविषयक अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात ती प्रथम आली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांपैकी एक म्हणून मान्य झाली. त्यामुळे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळणे शक्य झाले. प्रमाणपत्रासाठी ‘स्वमग्नता मूल्यमापनाची भारतीय श्रेणी’ वापरण्यात येते. ती सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने तयार केली असून तीत पुनरावर्ती वर्तनाच्याही बाबी आहेत.

प्रौढावस्था : क्रमप्रियता वयाबरोबर बहुधा सौम्य होते, पण नाहीशी होत नाही. पूर्वोक्त डॉनल्ड ट्रिपलेट मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावीच वाढला, तेथील बँकेत त्याने नोकरी केली, रोज गॉल्फ खेळला आणि एकट्याने अनेक देशांचा प्रवास केला. त्याच्या कुटुंबाची आर्थिक स्थिती चांगली होती हे खरे. पण गावाने त्याच्या सवयी मान्य केल्या होत्या, हेही तितकेच खरे. आपल्याकडे स्वमग्न मुलाचा सारा क्रम बहुतेक घरांत एकट्या आईच्या स्मरणात असतो. कोणती वाटी, कोणती वाट, झोपताना कोणते वाक्य हे तिलाच ठाऊक असते. ती आजारी पडली किंवा निवर्तली, तर एका दिवसात मूल पोरके होते व त्याचा क्रमही मोडतो. म्हणून हा क्रम वहीत लिहून ठेवावा, घरातील दुसऱ्या कोणी तरी आठवड्यातील काही दिवस तो चालवावा, असा सल्ला दिला जातो. मूल १८ वर्षांचे झाल्यावर आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते. त्यानंतर राष्ट्रीय न्यास अधिनियमानुसार जिल्हा दंडाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती मिळून झालेल्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकाच्या नियुक्तीसाठी अर्ज करता येतो. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेखाली एक लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्यविम्याचीही तरतूद आहे.